नाशिक : सोसायटीच्या फलकावरचं गूढ शब्दकोडं. बरोबर उत्तर खोडलं गेलंय, मदत हवी

गोदाकाठची | २ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत मराठीचे एक निवृत्त शिक्षक राहतात. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतो. वय ८१. दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, ते स्वतः रचलेलं एक गूढ शब्दकोडं जिन्याजवळच्या फलकावर लावतात. ड्रॉइंग पेपरवर पट्टीने आखलेल्या चौकटी, निळ्या शाईत सूत्रं, आणि शेजारी दोरीने बांधलेली पेन्सिल. ज्याला जे सुचेल ते त्याने लिहायचं. मुदत गुढीपाडव्यापर्यंत.

चौकटीशेजारी एक रेघी कागद असतो, त्यावर 'फोड' असं लिहिलेलं. उत्तर चौकटीत भरलं की ते सूत्रातून कसं निघालं, हे त्या कागदावर लिहायचं. सर सकाळी सातला फिरून येतात, मफलर सोडत सोडत फलकासमोर उभे राहतात आणि खोडरबर काढतात. चुकलेलं उत्तर खोडतात. बरोबर असलं तर काही न बोलता वर जातात.

झालं असं की आम्ही ९ आडवा 'गोदावरी' लिहिलं. अक्षरं बसतात, अर्थ बसतो, आडव्या-उभ्यात जुळतं. तरी सरांनी ते खोडलं. विचारलं तर म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. फोड नाही." आम्ही फोडीत लिहिलं होतं : गो म्हणजे गाय, दा म्हणजे देणारी, पुढचं कळलं नाही.

एकूण २८ सूत्रं आहेत, त्यातली सहा अडली आहेत. मी मूळची जळगावची, नाशकात येऊन सहा वर्षं झाली. आमच्या इमारतीत बरेच जण अंबड-सातपूरच्या नोकरीमुळे बाहेरून आलेले. त्यामुळे काही गोष्टी इथल्या जुन्या माणसांनाच माहीत असणार असं वाटतं.

२ उभा : निवाडा करणाऱ्याला वैद्याची गोळी देऊन ही सकाळी मुंबईला गेली, रात्री परत. (४)
९ आडवा : गाय देणारी, पाठोपाठ उपासाचं धान्य, दक्षिणेची गंगाच ती. (४)
११ आडवा : जपाच्या मण्यातला रुपया गेला, उरला निफाडचा घड. (२)
१४ उभा : घर, हाडवैर, सगळं विसरून पंचमीला ज्यात उडी घ्यायची ते आतच आहे. (३)
१७ आडवा : फुलाच्या आधी जन्मला, तरी फुलाचंच नाव लावलं. (५)
२६ आडवा : वीज गेली, नाश उलटला, फलंदाज परतला, तरी मोगलांनी या गावात बागच पाहिली. (६)

हाती असलेली अक्षरं : २ उभ्याचं तिसरं आणि ९ आडव्याचं तिसरं अक्षर एकच. १८ उभा 'जनस्थान' सुटलाय, त्यामुळे १७ आडव्याच्या शेवटी 'ज'. २७ उभा माझ्या आठवीतल्या भाचीने सोडवला. सूत्र होतं, "'शिक ना!' म्हणताना 'ना' पुढे केला आणि आपलं गाव सापडलं (३)". म्हणजे 'नाशिक'. त्याचा 'ना' हे २६ आडव्याचं चौथं अक्षर.

सरांचे नियम : एका चौकोनात एक अक्षर, जोडाक्षर असलं तरी एकच चौकोन. काना-मात्रा-वेलांटी अक्षराबरोबरच जाते. ऱ्हस्व-दीर्घ बदलायचं नाही, अनुस्वार गाळायचा नाही.

कृपया नुसतं उत्तर टाकू नका. फोड हवी आहे.

---

वेलांटी | रात्री १०:०५

काय सुंदर प्रकार आहे! तुमच्या सरांना नमस्कार सांगा.

१७ आडवा घेते, कारण तो वाचताक्षणी आवडला. कुसुम म्हणजे फूल, अग्रज म्हणजे आधी जन्मलेला, थोरला भाऊ. कुसुमाग्रज. कु-सु-मा-ग्र-ज, पाच अक्षरं, शेवटी ज.

यातली गंमत पूर्ण कळायला शिरवाडकरांच्या टोपणनावाची गोष्ट माहीत हवी. त्यांच्या बहिणीचं नाव कुसुम. तिचा थोरला भाऊ म्हणून कुसुमाग्रज. 'फुलाच्या आधी जन्मला, तरी फुलाचंच नाव लावलं' हे त्यामुळे शब्दाला लागू पडतं आणि माणसालाही. टोपणनावच मुळात कोडं होतं, सरांनी फक्त चौकट आखली. आणि हे कोडं फलकावर लागतं त्यांच्याच जन्मदिवशी.

---

निफाडकर | रात्री १०:३१

११ आडवा आमचाच. मणी म्हणजे रुद्राक्ष. त्यातला 'रु' गेला. रुपया आपण रु. असाच लिहितो. राहिलं द्राक्ष. द्रा आणि क्ष, दोन चौकोन.

सूत्र वाचून पोटात जरा कालवलं. दिवसभर बागेत काढणी चालू आहे, आता शेडमधून लिहितोय. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग थंडी, भुरी, अवकाळीची धास्ती, आणि फेब्रुवारी-मार्चात भावाकडे डोळे. 'रुपया गेला, उरला घड' हे इथल्या कितीतरी घरांनी एकेका हंगामात खरंच पाहिलंय. सरांनी ते नुसतं शब्द जुळावेत म्हणून लिहिलं नसणार.

---

गोदाकाठची | रात्री १०:४४

दादा, हे मी उद्या सरांना नक्की सांगते. वेलांटीताई, दोन्ही फोडी आत्ताच कागदावर लिहून आले. खाली जिन्यात कोणी नव्हतं, पेन्सिलीचा आवाज येत होता तेवढाच.

---

सरळसोट | रात्री ११:०२

कोडं छान आहे, वाद नाही. पण बरोबर उत्तर खोडणं मला पटलं नाही. गोदावरी हे उत्तर बरोबर होतं, सर स्वतः म्हणाले. लहान मुलं धावत येऊन लिहीत असतील आणि दुसऱ्या दिवशी चौकोन रिकामा पाहत असतील, तर ती पुढच्या वर्षी पेन्सिलीला हात लावणार नाहीत. शब्दकोडं हे शेवटी शब्द ओळखण्यासाठी असतं. चौकटी जुळल्या की झालं.

---

वेलांटी | रात्री ११:२०

साध्या शब्दकोड्यात चौकटी जुळल्या की झालं, हे मान्य. तिथे सूत्र म्हणजे नुसता समानार्थी शब्द असतो. आर्थर विन यांनी डिसेंबर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात पहिलं कोडं छापलं तेही तसंच होतं. गूढ कोडं पुढे इंग्लंडात वाढलं. तिथे प्रत्येक सूत्राला दोन अंगं असतात. एका अंगात सरळ अर्थ, दुसऱ्यात शब्दांचा खेळ. दोन्ही वाटांनी एकाच शब्दावर पोचलात तरच सूत्र सुटलं. एकाच वाटेने पोचणं म्हणजे अंदाज, आणि अंदाज कधीकधी बरोबर येतो.

आपल्याकडे ही रीत फार जुनी आहे. मी संस्कृत शिकवते, वर्गात पहिल्या दिवशी हे फळ्यावर लिहिते :

केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः ।
रुदन्ति कौरवाः सर्वे हा केशव कथं गतः ॥

मुलं म्हणतात, केशव पडला म्हणून द्रोणाला आनंद झाला आणि कौरव रडले? महाभारतात असं कुठे आहे? मग फोड करायची. 'के' म्हणजे पाण्यात, 'शवम्' म्हणजे प्रेत. द्रोण म्हणजे डोमकावळा, कौरव म्हणजे कोल्हे. पाण्यात पडलेलं प्रेत पाहून कावळा खूश झाला आणि कोल्हे रडले, कारण त्यांना पाण्यात जाता येत नाही. आता 'हे कशाबद्दल आहे' याचं उत्तर कुणी अंदाजाने दिलं, पण 'केशवं' कुठे तोडायचं हे सांगता आलं नाही, तर तो श्लोक त्याला कळला असं मी म्हणणार नाही.

---

सरळसोट | रात्री ११:३५

उदाहरण आवडलं. मुलांबद्दलचं माझं म्हणणं तरी शिल्लक आहे. खोडण्याऐवजी शेजारी प्रश्नचिन्ह काढता येईल.

---

आडवाउभा | ३ मार्च, सकाळी ९:१२

सुप्रभात. २ उभा. निवाडा करणारा = पंच. वैद्याची गोळी = वटी, जशी संजीवनी वटी, चित्रकादि वटी. पंच + वटी = पंचवटी.

आणि 'सकाळी मुंबईला गेली, रात्री परत' म्हणजे पंचवटी एक्सप्रेस! मी हे तिच्यातच बसून लिहितोय. नाशिकरोडला चढल्यावर धागा उघडला. 'ही गेली' म्हणजे कोण गेली यावर अर्धा तास घालवला. नर्स, बस, बायको, सगळं करून झालं. कसारा घाटात रेंज गेली तेव्हा मोबाईल खाली ठेवून खिडकीबाहेर बघत होतो. समोरच्या पासवाल्या काकांनी विचारलं, "काय रे, पंचवटी आज वेळेवर आहे ना?" आणि डोक्यात एकदम लागला दिवा.

तिसरं अक्षर व. म्हणजे ९ आडव्याचंही तिसरं व. गोदावरीला आता दोन बाजूंनी आधार मिळाला.

---

गोदाकाठची | सकाळी ९:३०

वा! आम्ही सगळे 'रामाची वस्ती' वगैरे शोधत बसलो असतो. गाडीचा विचार कुणाच्याच मनात आला नाही.

पण ९ आडवा तिथेच अडलाय. गोदा झालं, 'वरी' राहिलं. उपासाची धान्यं आम्ही सगळी काढली : भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. शेजारच्या काकूंनी एक फोड सुचवली होती : गो, मग गाईचं दावं, मग 'री' ओढायची. पण दावं लिहिताना अनुस्वार आहे, तो गाळता येत नाही. आणि सूत्रात दाव्याचा उल्लेखही नाही.

---

संगमेश्वरची | सकाळी ११:१५

अगं, वरी! आमच्याकडे भगर शब्द कोणी उच्चारत नाही. वरी, वऱ्याचे तांदूळ. एकादशीला वरीचा भात आणि दाण्याची आमटी. माझी आजी डोंगरउतारावर नाचणीच्या बाजूला वरी लावायची. तू ज्याला भगर म्हणतेस तीच ही.

गो + दा + वरी. झाली की तुमची नदी.

---

गोदाकाठची | सकाळी ११:२२

ताई, मला अक्षरशः टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सहा वर्षं रोज गोदावरीवरून जाते, दर चतुर्थीला भगर करते, आणि ती नावात बसलेली दिसली नाही.

---

जुनं_नाशिक | दुपारी १:४०

पेठ-सुरगाण्याकडची माणसं वरई म्हणतात. शहरात मात्र दुकानात गेलं की भगरच मागायची. म्हणून आमच्यासारख्यांना हे सुटलं नाही. सरांनी नाशिकची नदी कोकणातल्या शब्दात दडवली.

---

दूरदेशी | दुपारी ३:०५ (माझ्याकडे पहाट)

मी भारताबाहेर असतो, बालपण पुण्यात. १४ उभ्यावर काहीतरी हाती लागलंय, पण मला खात्री नाही.

'ते आतच आहे' हे शब्द मला खुणेसारखे वाटले. म्हणजे उत्तर सूत्राच्याच पोटात असावं. 'घर, हाडवैर' सलग लिहून पाहिलं : घ, र, हा, ड, वै, र. यातून तीन-तीन अक्षरं काढली. घरहा, रहाड, हाडवै, डवैर. यांतलं 'रहाड' मराठी शब्दासारखं वाटतं. पण असा शब्द आहे का? माझ्याकडच्या दोन्ही कोशांत पाहिलं, रहाट आहे, रहाड नाही सापडला. आणि उडी घ्यायची ती पंचमी कुठली? नागपंचमी? ऋषिपंचमी?

---

जुनं_नाशिक | दुपारी ३:१८

दादा, तुम्ही पहाटे उठून नाशिकचा आत्मा हुडकून काढलात!

पंचमी म्हणजे रंगपंचमी. आणि रहाड म्हणजे आमच्या जुन्या गावातला रंगाचा हौद. पेशवाईपासूनच्या आहेत. चौकात जमिनीखाली दगडी बांधणीचा मोठा खड्डा, वर्षभर वरून फळ्या टाकून मातीने बुजवलेला. त्यावरून गाड्या जातात, भाजीवाले बसतात, नवख्याला कळतही नाही की पायाखाली काय आहे. रंगपंचमीच्या आधी माती उकरतात, फळ्या काढतात, रहाड धुतात, पूजा होते, मग रंगाचं पाणी. तिवंध्याची रहाड, शनी चौकाची, तांबट लेनची, प्रत्येकीचा आपला रंग ठरलेला.

मी सहा-सात वर्षांचा असताना वडिलांनी मला खांद्यावर घेऊन तिवंध्याला धप्पा मारला होता. धप्पा म्हणजे उडी. पाणी थंड असेल असं वाटलं होतं, ते कोमट निघालं. फुलं उकळून रंग करायचे त्याचा वास नाकातोंडात गेला. वर आलो तेव्हा कानात पाणी, डोळ्यांपुढे सगळं पिवळं, आणि ज्याच्याशी आमच्या घरी वर्षभर बोलणं बंद होतं त्या शेजाऱ्याने मला हात देऊन वर ओढलं. 'घर, हाडवैर, सगळं विसरून' हे सरांनी पाहून लिहिलंय. ते जुन्या गावातलेच असणार.

---

गोदाकाठची | दुपारी ३:२६

काका, सर तिवंध्याजवळच वाढले आहेत. त्यांनीच सांगितलं होतं एकदा.

---

दूरदेशी | दुपारी ३:३१

माझ्याकडे फोड होती, अर्थ नव्हता. तुमच्याकडे अर्थ होता. एकट्याने मी 'रहाड' खोडून पुढे गेलो असतो.

---

जुनं_नाशिक | दुपारी ३:४०

आणि मी एकटा असतो तर सूत्रातल्या 'घर, हाडवैर' या शब्दांकडे अक्षरं म्हणून बघितलंच नसतं. मला तर ते दिसलं वाड्यातलं भांडण.

---

वेलांटी | संध्याकाळी ६:१०

आज तासांमधल्या सुट्टीत हाच धागा वाचत होते. एक गोष्ट नोंदवते, नवीन सोडवणाऱ्यांना उपयोगी पडेल.

इंग्रजी गूढ कोड्यात अक्षरांची उलथापालथ हा मोठा आधार असतो. सुटी अक्षरं कशीही फिरवा, नवा शब्द होतो. मराठीत ते फार वेळा जमत नाही, कारण आपलं अक्षर स्वर पोटात घेऊन फिरतं. 'ना'चा काना काढून 'श'ला देता येत नाही. आडव्या-उभ्याची गाठही अवघड. नुसता 'न' जुळून भागत नाही, 'ना'ला 'ना'च हवा. म्हणून मराठी चौकटीत काळे चौकोन जास्त दिसतात आणि एकमेकांना छेदणारी अक्षरं कमी.

त्याची भरपाई भाषा दुसरीकडून करते. समास, संधी, श्लेष, आणि एकच शब्द दोन ठिकाणी तोडता येण्याची सोय. पंच-वटी, गो-दा-वरी, कुसुम-अग्रज, हे सगळं तोडण्याचं काम आहे. लहानपणी 'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया' असं आजी विचारायची आणि आम्ही आकाशातला चंद्र ओळखायचो, तेव्हापासून आपला हात त्यावर बसलेला असतो.

२६ आडव्यात 'नाश उलटला' आहे. वरचा नियम तिथे लावा. 'शान' होणार नाही. ना आणि श ही दोन अक्षरं जागा बदलतील : शना.

---

आडवाउभा | संध्याकाळी ७:२० (परतीच्या पंचवटीतून)

म्हणजे मध्ये कुठेतरी 'शना'. चौथं अक्षर ना, म्हणून तिसरं श. फलंदाज परतला = बाद. बा-द, पाचवं-सहावं. रचना अशी झाली : _ _ श ना बा द.

मी दुपारी उलट बाजूने गेलो होतो. मोगल आहेत म्हटल्यावर शेवटी 'बाद' असणार असं धरून गावं लिहून काढली. औरंगाबाद पाच, दौलताबाद पाच, हैदराबाद पाच, मुरादाबाद पाच. अहमदाबाद सहा भरतं, पण चौथं अक्षर दा येतं. 'आपलं गाव' असं सूत्रात नाही, 'या गावात' आहे. आणि पहिली दोन अक्षरं वीज गेल्याची. अंधार? तीन होतात.

---

निफाडकर | संध्याकाळी ७:४८

वीज गेली म्हणजे आमच्याकडे लोडशेडिंग. रात्रीच्या पाळीत मोटार बंद पडली की आम्ही घरी फोन करून एवढंच सांगतो, लाईट ग...

थांबा. गुल. लाईट गुल!

---

आडवाउभा | संध्याकाळी ७:५१

गुल + शना + बाद.

गुलशनाबाद?

---

वेलांटी | संध्याकाळी ७:५५

गुलशन म्हणजे फुलबाग! 'मोगलांनी या गावात बागच पाहिली.' अर्थाची वाटही तिथेच पोचते. पण हे गाव कुठलं?

---

जुनं_नाशिक | रात्री ८:०२

इथलंच. मुसलमानी अमलात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. मराठ्यांच्या राज्यात पुन्हा नाशिक झालं. १८८३ च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये हे आहे. १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय आमच्या गावात आहे, तरुणपणी तिथे बसून वाचल्याचं आठवतं.

आता सरांची चौकट पुन्हा बघा. २६ आडवा गुलशनाबाद. त्याच्या चौथ्या अक्षरातून खाली उतरतो २७ उभा, नाशिक. गावाच्या जुन्या नावाच्या पोटातल्या 'ना'वरच आताचं नाव उभं केलंय. आणि 'नाश' उलटवला तोही 'नाशिक'मधलाच. १८ उभा जनस्थान, ते रामायणातलं नाव. एका कागदावर गावाची तीन नावं.

---

दूरदेशी | रात्री ८:२०

हे वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

---

सरळसोट | रात्री ८:४५

मी काल जे लिहिलं त्यातलं अर्धं मागे घेतो. उत्तर टाकून कुणी निघून गेलं असतं तर गुलशनाबाद हे गाव कुठलं, हे आपण विचारलंही नसतं. रहाडीबद्दलही कळलं नसतं.

उरलेलं अर्धं तसंच आहे. मुलांसाठी खोडरबराऐवजी प्रश्नचिन्ह.

---

गोदाकाठची | ४ मार्च, सकाळी ८:१०

काल रात्री सहाही फोडी स्वच्छ अक्षरात लिहिल्या. कोणती कुणी सोडवली तेही कंसात लिहिलं : संगमेश्वरहून एक ताई, निफाडचे शेतकरी, पंचवटीचे पासवाले, जुन्या नाशकातले काका, संस्कृत शिकवणाऱ्या ताई, परदेशातून एक दादा.

आज सातला मुद्दाम दूध आणायच्या निमित्ताने खाली थांबले. सर आले. मफलर सोडला, चष्मा पुसला, रेघी कागदावर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. खोडरबर खिशातच राहिलं. निफाडच्या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं. दादा, तुमचं म्हणणं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "माझा भाऊ बागाईतदार होता." एवढंच. पुढे मी विचारलं नाही.

मग गोदावरीच्या ओळीवर येऊन म्हणाले, "वरी कोणी सांगितली?"

"संगमेश्वरच्या एका ताईंनी."

"हां. इथे सगळे भगर म्हणतात. म्हणूनच घातली. म्हटलं, बघू कोण कुणाला विचारतंय."

सरळसोट, तुमची प्रश्नचिन्हाची सूचनाही सांगितली, नाव न घेता. ते विचार करत जिना चढले. दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "त्यांना सांग, पेन्सिलीचं चालेल, शाईचं नको."

---

सरळसोट | सकाळी ८:२५

पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह मंजूर!

---

संगमेश्वरची | सकाळी ९:०५

सरांना म्हणावं, एकदा वरीचा भात खायला या. बरोबर दाण्याची आमटी आणि कैरीची चटणी.

---

गोदाकाठची | रात्री ९:१५

अजून एक. भाची दोन दिवस माझ्या खांद्यावरून हा धागा वाचत होती. आज शाळेतून आल्यावर वहीच्या मागच्या पानावर काहीतरी खरडत बसली. तिने आयुष्यातलं पहिलं सूत्र रचलंय. मी तपासलं, सरांच्या नियमात बसतं. ऱ्हस्व-दीर्घही अचूक आहे, ते तिने तीनदा पाहिलं. तिला ते तुमच्यापुढे ठेवायचंय, आणि सोडवणाऱ्याने फोड लिहिलीच पाहिजे अशी तिची अट आहे.

तुळस मिळाली, आत उलटं वळून पाहिलं, तर नाशिकची न्याहारी तयार. (३)

---

आडवाउभा | रात्री ९:२१

मिळालं! पण उत्तर लिहीत नाही, बाकीच्यांना वेळ देतो. बाळा, 'तुळस'नंतर स्वल्पविराम न देता 'मिळाली' लावलंस, तिथेच तू जिंकलीस.

---

दूरदेशी | रात्री ९:३४

मला अजून नाही दिसत. कुणी सांगू नका.